अकरा आठवड्यांचा भाव

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे कात्रणबाई म्हणत. वडील अंथरुणाला खिळले, कॉलेज अर्ध्यावर सुटलं आणि ती इथे चिकटली, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. जुने अंक आणि कात्रणांच्या पेट्या तिच्या ताब्यात होत्या.

सर तिला तिथेच भेटले. अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आपलं चलन आणि शेजारच्या बड्या देशाचं चलन, यांचा शंभर वर्षांचा भाव एका पुस्तकात आणायचा, असा त्यांनी ध्यास घेतला होता. दर मंगळवारी ते यायचे आणि ती अंक काढून द्यायची. हळूहळू आकडे तीच उतरवायला लागली. एकदा तिने छपाईतली चूक पकडली, सातच्या जागी एक पडला होता. सर चष्मा काढून म्हणाले, "तुझं डोकं इथे फुकट जातंय, पोरी." ते वाक्य तिने घरी आईला दोनदा सांगितलं.

सात वर्षांत सगळे रकाने भरले. राहिले फक्त अकरा आठवडे. सव्वीस वर्षांपूर्वी आपलं चलन कोसळलं, तेव्हा सरकारने बँकांतली अदलाबदल बंद ठेवली होती. बंद होण्याआधी त्यांच्या एका नोटेला आपल्या बारा पडत. पुन्हा उघडलं तेव्हा चौतीस. मधे काय झालं ते कुठेही छापलेलं नव्हतं.

कात्रणबाईने सुट्टीचे दिवस घालवून बंदरामागच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तिथे तिला एक म्हातारी शिंपीण सापडली. तिचा नवरा बोटीवर भट्टी सांभाळायचा. त्या काळात ती खलाशांकडून परकी लेस आणि कपड्यांना लावायच्या चेन विकत घ्यायची, शेजारच्या देशाच्याच नोटा मोजून. त्या नोटा रोज गल्लीत काय भावाने मिळाल्या, ते तिने मापांच्या वहीत लिहून ठेवलं होतं. छाती छत्तीस, कंबर तीस, आणि खाली भाव एकोणतीस. वही बघून सर हसले होते, "यातली कंबर कुठली आणि भाव कुठला, ते तूच ठरव. पण हे सोनं आहे."

वहीत स्पष्ट होतं: भाव हळूहळू चढलाच नव्हता. पहिल्या नऊ दिवसांतच तो एकतीसवर गेला होता.

शिंपिणीने वही सहजासहजी दिली नव्हती. खलाशांचे पगार परकी चलनात ठरलेले असत आणि घरच्यांना आपल्या नोटांत मिळत. त्या अकरा आठवड्यांत जहाज कंपनीने सगळ्या घरांना जुन्या बाराच्याच भावाने पैसे दिले. म्हातारे खलाशी आणि विधवा आता लवादापुढे फरक मागत होत्या, आणि त्यांना पुरावा होता तो या वहीचाच.

"मावशी, पुस्तकात छापून आलं की कुणाला नाकारता येणार नाही," कात्रणबाई म्हणाली होती. तेवढ्यावर वही तिच्या हातात आली.

पुस्तक कचेरीत आलं ते परीक्षणासाठी. तिने उभ्याउभ्याच ते पान काढलं. बारापासून चौतीसपर्यंत आकडे दर आठवड्याला दोन-दोनने चढत गेले होते, जिना चढावा तसे. खाली बारीक टीप होती: या काळातील नोंदी उपलब्ध नसल्याने दर अंदाजाने भरले आहेत. मग तिने आभाराचं पान उघडलं. छपाईच्या खर्चाबद्दल जहाज कंपनीचे आभार. शेवटच्या ओळीत तिचेही होते, टंकलेखनाबद्दल.

तिने रजा टाकली आणि सरांचं घर गाठलं.

"एका शिंपिणीच्या वहीवर शास्त्र उभं राहत नाही," सर म्हणाले.

"तुम्हीच सोनं म्हणाला होतात, सर."

"म्हणालो असेन. कंपनीने खर्च उचलला नसता तर हे बाड माझ्यामागे रद्दीत गेलं असतं. एक पान गेलं, बाकीचं शतक वाचलं. आणि तुझं नाव घातलंय की."

"नोंदी उपलब्ध नाहीत असं लिहिलंत. वही तुमच्या टेबलावर होती."

सरांनी खण उघडून वही तिच्यापुढे सरकवली. "घेऊन जा. तुझ्याकडून मला समजूतदारपणाची अपेक्षा होती."

जिना उतरताना तिला रडू आलं नाही. सात वर्षांचे मंगळवार तिला एकेक करून आठवत राहिले.

शिंपिणीला तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. म्हातारीने मशीन थांबवलं.

"छापायच्या आधी तू वाचलं नाहीस?"

"नाही. सरांवर विश्वास होता."

"माझा तुझ्यावर होता," शिंपीण म्हणाली.

त्याच आठवड्यात कात्रणबाईने खलाशांच्या वकिलाला गाठलं आणि लवादापुढे साक्ष दिली. सर कंपनीच्या बाजूला बसले होते.

"हे आकडे जुळवायचं काम तुम्हाला कुणी शिकवलं?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"सरांनी."

"म्हणजे गुरू चुकले आणि तुम्ही बरोबर?"

"ते चुकले नाहीत. त्यांना बरोबर आकडा माहीत होता."

सर समोरच्या कागदांवरच बघत राहिले.

लवादाने वही पुरावा म्हणून मान्य केली, पण छापील पुस्तकही बाजूला सारलं नाही. दोन्हींच्या सरासरींच्या मधला सत्तावीस धरला. कुणी खूश झालं नाही, पण प्रत्येक घराला काहीतरी मिळालं.

निकालानंतर शिंपीण वही परत घ्यायला पायऱ्यांवर थांबली होती. कात्रणबाईने ती तिच्या हातात दिली आणि विचारलं, "मावशी, एक प्रत काढून घेऊ का? आमच्या पेटीत ठेवीन. पुढे कुणी शोधलं तर सापडेल."

शिंपिणीने थोडा विचार केला. "तू साक्ष दिलीस, ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण वही आता माझ्या घरातून बाहेर जायची नाही. प्रत काढायलासुद्धा नाही."

तिने वही पिशवीत घातली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागली. कात्रणबाई आधार द्यायला पुढे झाली, तेव्हा म्हातारीने मान हलवूनच नको म्हटलं.