ईरम्माची पांढरी वाटी

सोलापुरात गिरणीच्या भोंग्याला जे माणूस उठत नाही ते एकतर बहिरं, नाहीतर मेलेलं. ईरम्माच्या चाळीत तर तीनच्या भोंग्याला भिंतीवरच्या पाली पटापट खाली पडायच्या. एकदा म्हणे पाळण्यातलं सहा महिन्यांचं पोर दचकून उठलं आणि बापाचा डबा घेऊन पाळीला निघालं, वेशीपाशी धरून आणावं लागलं. म्हणून त्या दुपारी भोंगा होऊन गेला, जाणारे गेले, येणारे आले, तरी मायाक्का भिंतीकडं तोंड करून पडलेलीच, हे बघितल्यावर ईरम्मा तिच्या उशाशी जाऊन बसली.

"माये, ऊठ की गं. च्या गार झाला."

पोरीला हलवलं तर ती धान्याचं पोतं हलावं तशी हलली. श्वास चालू होता, पण चढावरच्या बैलासारखा. एक पाऊल टाकायचा आणि थांबायचा.

मायाक्का ईरम्माची भाची. भाऊ बिरप्पा मंगळवेढ्याकडं मेंढरं राखायचा. पोरगी हुशार म्हणून त्यानं ती शहरात बहिणीच्या ओटीत घातली होती. अकरावीची मॅट्रिक मोडून दहावीचं बोर्ड नुकतंच निघालं होतं, आणि परीक्षा महिन्यावर आली होती. दिवाळीला येऊन बिरप्पा दोघींना बजावून गेला होता, "पास झाली तर शिकू दे. नापास झाली तर मिरगाच्या आत लगीन. पोरगा बघून ठिवलाय."

आता ईरम्माच्या डब्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

तिचा नवरा सोमलिंग एका डॉक्टरकडं कंपाउंडर होता. तो गेला तेव्हा मागं एक पांढरा कोट आणि तीन बाटल्या गोळ्या राहिल्या. ईरम्मानं कोट बोहारणीला दिला आणि गोळ्या मिसळणाच्या डब्यात भरल्या. जिथं मोहरी असायची तिथं तापाच्या पिवळ्या, हळदीच्या वाटीत पोटाच्या गुलाबी, जिऱ्याच्या वाटीत खोकल्याच्या तपकिरी. चाळीतली रीतच पडून गेली, की कुणी बरं झालं किंवा कुणी गेलं, तर उशाला उरलेल्या गोळ्या ईरम्माच्या ओटीत टाकायच्या. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, तसंच हे. गुंडा मास्तरांची आई वारली तेव्हा तिची जवळजवळ भरलेली बाटली आली. पांढऱ्याशुभ्र गोळ्या. ईरम्मानं एक जिभेला लावली, डोळे मिटले, आणि चाळीसमोर निकाल दिला, "डोक्याची हाय." बाटली मेथीच्या वाटीत रिकामी झाली.

जीभ हा तिचा अभिमान होता. बाटलीवरची चिठ्ठी ती डोळ्यांजवळ नेऊन ओठ हलवायची, मग चाखायची, मग सांगायची. कंपाउंडरची बायको, तिला वाचता येणारच, असं चाळ धरून चालली होती. डोकं दुखणारा माणूस पांढरी गोळी घेऊन पडला की सकाळपर्यंत हूं की चूं करायचा नाही. लोक म्हणायचे, हिच्या गोळीनं डोकं दुखायचं तर थांबतंच, पण सासूचा आवाजसुद्धा बंद होतो.

थंडीत मायाक्काला झोप येईनाशी झाली. रात्रभर पुस्तक उघडं, पान तेच. तेव्हा ईरम्मानंच अर्धी पांढरी मोडून तिच्या तळहातावर ठेवली होती. "घे. डोकं गार हुतंय." पोर गाढ झोपली, आणि आत्याला वाटलं आपण पुण्य केलं.

आता ती मायाक्काच्या गालावर पाणी मारत होती. आरडाओरडा ऐकून शेजारचा रामहरी धावत आला. गिरणीतून नुकताच सुटलेला, केसांत कापसाचे तंतू तसेच.

"काय झालं वैनी?"

"उठंना झालीय रे."

रामहरीनं पोरीला उचललं, कोपऱ्यावरचा टांगा थांबवला. निघता निघता ईरम्मानं डबा पदराखाली घेतला. डॉक्टरला आपणही औषधातलं कळणारे आहोत हे दिसावं, एवढीच त्यात गोम होती. सात रस्त्यावर सायकलींच्या गर्दीत टांगा अडकला तेव्हा रामहरी नुसत्या आवाजानं गर्दी कापत गेला.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं पोरीच्या पापण्या वर करून बघितल्या, छातीला नळी लावली.

"काय खाल्लं हिनं?"

"भाकरी आन् शेंगाची चटणी."

"ते नव्हे. गोळ्याबिळ्या?"

"छ्या! घरात गोळ्या हायेत, पर माझ्या ताब्यात. ह्ये बगा." ईरम्मानं डबा उघडला. पांढरी वाटी काठोकाठ भरलेली होती. "म्या दिल्याबिगर एक बी भाईर जात न्हाय. रोज नजर असती माजी."

"कसल्या आहेत ह्या पांढऱ्या?"

"डोक्याच्या."

रामहरीनं पुस्ती जोडली, "लई गुणकारी हायेत साहेब. महिनाभर रोज घेतोय म्या, कंबरसुद्धा मोकळी झाली."

डॉक्टरनं वाटीकडं बघितलं. भरलेल्या वाटीवर कोण अविश्वास दाखवणार? तो दुसरीकडं वळला. मेंदूचा ताप असेल, विषारी काही चावलं असेल. नर्सनं पायाची बोटं तपासली, मान वाकवून बघितली. घड्याळाचा काटा पुढं सरकत होता, आणि पोरीच्या दोन श्वासांमधली जागा वाढत होती. ईरम्मा ती जागा मोजत बसली होती. आधी तिथं एक 'शिवा शिवा' मावायचं. मग दोन मावायला लागले. मग तिसरंही मावलं.

डोकं घणघणत होतं. सवयीनं तिचा हात वाटीत गेला आणि एक पांढरी गोळी जिभेवर आली.

कडू लागली नाही.

तिनं दुसरी चाखली, मग तिसरी चावली. दातात करकर झाली. तोंडात शाळेच्या फळ्यासारखी चव पसरली आणि ओठांवर पांढरं पीठ आलं.

"खडू," ती म्हणाली. आधी हळू, मग ओरडून. "डाक्टर! खडू हाय ह्यो!"

रामहरीनं कंबरेवर हात ठेवला. "म्हंजी माजी कंबर…"

"मसणात गेली तुजी कंबर! पोरीनं खऱ्या खाल्ल्या आन् खडू कापून ठिवला. वाटी भरल्याली दिसावी म्हनून. आन् म्या…" शाळेतले खडू ब्लेडनं चकत्या करून, उंबऱ्यावर कडा घासून, एकेक चकती वाटीत टाकताना ती पोर तिच्यासमोर कितीदा बसली असेल? उंबऱ्यावरची पांढरी भुकटी ईरम्मा रोज झाडायची आणि रांगोळी समजायची.

डॉक्टर झटक्यात उठला. "पोट धुवायला घ्या," त्यानं नर्सला सांगितलं. मग ईरम्माकडं वळला. "गोळीचं नाव काय होतं? लवकर. नावावर उपचार ठरतो."

ईरम्माचा हात कमरेच्या चंचीकडं गेला.

"सांगा की वैनी," रामहरी म्हणाला. "वाचत्यात त्या साहेब, समदं वाचत्यात."

मास्तरांच्या आईची ती बाटली ईरम्माच्या कमरेलाच होती. रिकामी झाली तेव्हा चांगल्या बुचाची म्हणून तिनं त्यात मिश्री भरली होती, आणि चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. चंचीतून बाटली काढून तिनं हातात धरली. रामहरीसमोर म्हणायचं म्हणजे चाळीसमोर म्हणायचं, एवढं तिला कळत होतं. मागं मायाक्काचा श्वास थांबला. एक, दोन, तीन, चार…

"तुमीच वाचा," तिनं बाटली पुढं केली. "मला वाचता येत न्हाय. कंदीच आलं न्हाय."

डॉक्टरनं वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "झोपेच्या आहेत. आजी, चाळभर वाटत होतात तुम्ही ह्या?"

उत्तर ऐकायला तो थांबला नाही.

पोर तिसऱ्या दिवशी डोळे उघडून नीट बोलली. ईरम्मा पलंगाच्या लोखंडी दांडीला धरून उभी होती.

"किती दिस घेत हुतीस?"

"संक्रांतीपास्नं. आदी एक, मग एकानं झोप येईना."

"मला सांगायचं न्हाईस?"

मायाक्का छताकडं बघत म्हणाली, "गोळी घेतली की आबाचा आवाज बंद हुतुया. मिरगाच्या आत, मिरगाच्या आत… पयली गोळी तूच दिलीस की आत्ती." त्यात राग नव्हता. राग असता तर ईरम्माला सोसला असता.

कंपासपेटीत आणखी चार खऱ्या गोळ्या निघाल्या. वर्गातल्या कुणाला दिल्या होत्या का, हे पोरीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. ईरम्मानं डॉक्टरांच्या कानावर घातलं, शाळेतल्या बाईंना निरोप धाडला, आणि डब्यातलं सगळं दवाखान्यात नेऊन दिलं. डबा राखेनं सात वेळा घासला तरी त्यातल्या मोहरीची फोडणी तिला कडू लागायची.

चाळीतलं येणं-जाणं मात्र थांबलं नाही. आठवड्यानं रामहरी दारात उभा. "वैनी, खडूची असली तरी चालंल. एकच द्या. कंबर पुन्यांदा धरलीय."

"जा, डाक्टरकडं जा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला रिकाम्या हातानं पाठवलं.

दुपारची मायाक्काला घाम फुटायचा. डॉक्टरनं सांगितलंच होतं, गोळ्या सुटल्या की असं होणार. ती गुडघे पोटाशी घेऊन बसायची.

"आत्ती, अर्दी. फकस्त अर्दी."

"न्हाय गं."

"मग काय करू मी? आं? काय करू?"

ईरम्मानं चुलीवरच्या फळीवरून उरलेला खडू घेतला, पोरीच्या हातात दिला, आणि फरशीवरची जागा पदरानं पुसली. "माजं नाव लिव. बगू तरी कसं दिसतंय."

मायाक्काचा हात थरथरत होता. 'ई' लिहिता लिहिता रेघ वाकडी झाली, तुटली, पुन्हा जुळली. खडू ठेवून तिनं डोकं भिंतीला टेकलं.

तीनचा भोंगा झाला. ईरम्मानं खडू उचलला आणि ते अक्षर बघून बघून शेजारी काढलं. सरळ कसं असतं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून जिथं जिथं पोरीचा हात हलला होता तिथं तिथं तिनंही मुद्दाम हात हलवला.