ओळीतली शेवटची बाई

विमलाने कुंचला दातांत धरला आणि ओल्या रंगाचा ठिपका अंगठ्याने भिंतीवर हलकेच पसरवला. गाल झाला. मग कुंचला हातात घेऊन तिने डाव्या भुवईवर एक बारीक तिरकी रेघ ओढली. लहानपणी विळा लागल्याची खूण. ओळीतल्या शेवटच्या बाईला चेहरा मिळाला.

शेजारची काशीबाई पुढच्या अंगणात, खळ्यात पाट धूत होती. पाट आत ठेवायला म्हणून आली आणि भिंतीकडे बघत तिथेच थबकली.

"गो, ही सावित्री मां?"

"कोण सावित्री? भाताच्या लावणीतली बाई आसा ती."

"माका शिकवतंस? मगे भुवयेर ती खूण खंयची?" काशीबाईने आवाज खाली आणला. "काशिनाथान बघल्यान तर घर डोक्यार घेतलो."

"आज तेंच्या डोक्यार गणपती आसा," विमला म्हणाली आणि कुंचला धुवायला मागच्या दारी गेली.

गणपतीमागची भिंत दर वर्षी नव्याने रंगायची. आधी चुना, मग चित्र. परशुराम चितारी यायचा आणि कालियावरचा कृष्ण, दोन मोर, खाली कमळं काढून जायचा. वर्षानुवर्षं तेच चित्र, त्यामुळे ते कोणी बघतही नसे. यंदा, चौऱ्याऐंशी साली, परशुरामाचा हात थरथरायला लागला होता. काशिनाथ बायकोला म्हणाला होता, "रांगोळी बरी काढतंस. दोन मोर काढ, झाला."

तिने मोर काढले नाहीत. लावणीचा मळा काढला. पाणी भरलेली शेतं, वर झुकलेलं आभाळ आणि पदर खोचून वाकलेल्या बायकांची ओळ. काशिनाथाला ते आवडलं होतं. आदल्या दिवशी जेवून उठताना त्याने भिंतीसमोर उभं राहून बायका निरखल्या होत्या.

"बायलमाणसां बरी काढलंस. ह्या शेवटच्याक तोंड नाय तां?"

"उद्या काढतंय," ती म्हणाली होती.

सावित्री काशिनाथाची धाकटी बहीण. रेडीच्या बंदरात खनिज भरणाऱ्या यंत्रांवर एक मेकॅनिक होता, परजातीचा. चार पावसाळ्यांपूर्वी तिने त्याच्याशी लग्न केलं. त्यानंतर एकदा ती आईला भेटायला आली, तर काशिनाथाने तिला खळ्यातूनच परत पाठवलं. तिचं नाव या घरात घ्यायचं नाही, असं त्याने सांगितलं आणि कोणी घेतलं नाही. त्याच्या आईने, माईने तर नाहीच. माई फक्त थकत चालली होती. दुपारी ओसरीवर बसून ती वाटेकडे बघायची आणि कोणी काही विचारलं तर गुरं बघतंय म्हणायची.

विमला मालवणच्या बाजारातली, मास्तरांची मुलगी. या घरात आली तेव्हा चिखलात पाय कसा रोवायचा, हेही तिला ठाऊक नव्हतं. सावित्रीने शिकवलं. लावणीच्या ओळीत दोघी शेजारी असायच्या. सावित्रीला घरी येऊ द्या, असं विमलाने नवऱ्याला अनेकदा विनवलं होतं. दर वेळी तो भरल्या ताटावरून उठला होता. या वेळी तिने विनवलं नाही.

मूर्ती घडवतात त्या गणपतीच्या शाळेतून माणसं परतली. काशिनाथ डोक्यावर मूर्ती घेऊन उंबऱ्यात आला. विमलाने त्याच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. त्याने मूर्ती दोन्ही हातांनी खाली घेतली, आत पाऊल टाकलं आणि भिंत बघितली.

"पुसान टाक," तो म्हणाला. मोठ्याने नाही.

"रंग ओलो आसा. पुसलो तर सगळ्या भिंतीर फासतलो."

"विमला!"

मातीचा गणपती जड होता. काशिनाथाच्या मनगटाच्या शिरा ताठ झाल्या. पाटाखेरीज ती मूर्ती दुसरीकडे टेकवता येत नव्हती आणि पाट त्या बाईच्या पायाशीच मांडलेला होता.

"काशिनाथराव, बसवा आता," भटजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "मला अजून वरच्या वाडीत जायचंय."

मग त्याने गणपती बसवला.

प्राणप्रतिष्ठा झाली. आता विसर्जनापर्यंत मूर्ती हलवायची नाही आणि मागच्या भिंतीला हात लावायचा नाही, हा त्या घराचा आजोबांपासूनचा शिरस्ता. विमलाने सगळी मदार त्या शिरस्त्यावरच ठेवली होती.

भटजी गेल्यावर काशिनाथ स्वयंपाकघराच्या दारात आला.

"ह्यां तू मुद्दाम केलंस."

"होय."

"कित्याक?"

"तोंडान सांगान बघलंय, तुमी ऐकलास नाय. आता बघा." तिने मोदकाची पारी हातावर फिरवली. नजर वर केली नाही, पण हातही थांबू दिला नाही.

वाडीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. एरवी लोक यायचे, हात जोडायचे, प्रसाद घेऊन पुढच्या घरी जायचे. यंदा आधी भिंतीकडे बघत, मग घाईने हात जोडत. भजनाला आलेल्या मंडळींतला एक म्हातारा काशिनाथाला म्हणाला, "चितारी बदललास वाटता. बरां केलास." काशिनाथाने त्याला तपकिरीची डबी दिली आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी त्याने सुपारीचा भला मोठा घोस आणला आणि गणपतीवर बांधलेल्या लाकडी चौकटीला, माटवीला अशा बेताने टांगला की शेवटच्या बाईचं तोंड झाकलं जावं. भिंतीला हात लागला नाही, शिरस्ताही मोडला नाही. विमलाने ते बघितलं आणि ओठ मिटून घेतले. माटवी बांधणं पुरुषांचं काम होतं.

संध्याकाळी घोस ओसरीवर पडलेला होता. शेजारी माई कोयता घेऊन बसली होती.

"ह्यो कोणी काढलो?" काशिनाथाने विचारलं.

"मी. कुसलो होतो."

सुपाऱ्या हिरव्यागार होत्या, कुजकी एकही नव्हती. काशिनाथ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने कोयता आईच्या हातातून घेऊन भिंतीला लावून ठेवला आणि गुरांना पाणी दाखवायला गेला. नवा घोस त्याने आणला नाही.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या आरतीची तयारी चालली असताना, सावित्री आली. एसटीने आली होती. एकटीच. हातात कापडी पिशवी, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेले. वाडीतल्या कोणीतरी रेडीला निरोप पोचवला असणार.

काशिनाथ पुढे झाला, पण उंबऱ्याच्या आतच थबकला. गणपतीच्या दिवसांत दाराशी आलेल्याला परत पाठवत नाहीत. या दिवसांत त्याने ते आजवर कोणाच्या बाबतीत केलं नव्हतं.

सावित्रीने पाय धुतले, आत येऊन गणपतीला हात जोडले आणि मग मान वर करून भिंत बघितली. बराच वेळ. विमला दारातून तिच्याकडे बघत होती. इतके दिवस नवऱ्याच्या नजरेला नजर देताना तिला काही वाटलं नव्हतं. आता मात्र तिला दारातून पुढे येववेना.

"वैनी," सावित्री म्हणाली, "माका भिंतीर कित्याक लावलंस?"

"तू दिसूक व्हयी म्हणान."

"भिंतीर मेल्ली माणसां लावतत. मी खंय मेलंय? रेडीक आसंय. दोन तासांची वाट." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी सगळ्यांनी भिंतीकडे बघून हात जोडलास. एकानय रेडीची गाडी धरूक नाय. पुस तां."

एवढ्या लोकांनी ते चित्र बघितलं होतं, पण असं कोणी बघितलं नव्हतं.

"गणपती उठल्याबिगर भिंतीक कोणी हात लावचो नाय," काशिनाथ म्हणाला.

बहिणीला अडवायचं म्हणून तो बोलला, की शिरस्ता तोंडी बसला होता म्हणून, की आणखी कशाने, ते विमलाला कळलं नाही. त्याचं त्यालाही कळलं असेल असं तिला वाटलं नाही.

"बरां," सावित्री म्हणाली. "मगे गणपती उठल्यार माझ्या हातानच पुसतंय. तवसर हयसरच आसंय."

तिने पिशवी माईच्या खोलीत नेऊन ठेवली. माई आत होती; आतून फक्त बांगड्या वाजल्या. सावित्री परत येऊन गणपतीसमोर उभी राहिली, बरोबर मधे. भिंतीवरची बाई चिखलाकडे बघत होती. विमलाने तिची मान खाली काढली होती, नजरही खालीच. ही सरळ भावाकडे बघत होती.

काशिनाथाच्या डाव्या हातात घंटा होती, उजव्या हातात पेटलेलं निरांजन. आरतीचे पहिले शब्द त्याने उचलायचे, मग बाकीच्यांनी. तो उचलीना. वात फुरफुरायला लागली.

सावित्रीने कोनाड्यातले टाळ घेतले आणि स्वतःच आरती उचलली, चढ्या, मोकळ्या आवाजात. तिच्यामागून माईचा घोगरा आवाज आला, मग विमलाचा.

काशिनाथाने तोंड उघडलं नाही. पण निरांजन फिरायला लागलं होतं, आणि हातातली घंटा त्याला थांबवता येईना.