आठव्या खणाची पाळी

स्वप्नालीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आटपाडीकडच्या तिच्या वाडीला लहानपणापासून ठाऊक होतं. सांगलीजवळच्या कुपवाडातल्या कंपनीला ते त्या शनिवारी कळलं.

"तुझा वाटाड्या काढून टाकू," तिचे वरिष्ठ मतीन सर म्हणाले. "सोमवारी सगळ्यांना तसं सांगतो. जुनीच पद्धत बरी."

कंपनी छोटी, काम मेमरी चिपच्या आखणीचं. चिप म्हणजे आठ खणांचं कपाट समजा. खणाखणात माहिती ठेवायच्या ओळी, आणि त्यातल्या काही जन्मतःच खोडीच्या. तेवढ्यासाठी अख्खी चिप कोणी फेकत नाही. थोड्या ओळी राखीव ठेवतात, आणि खराब ओळीचा पत्ता विचारत कोणी आलं की त्याला गुपचूप राखीव ओळीकडे वळवतात. हे वळवणारं सर्किट म्हणजे वाटाड्या. पूर्वी आठ खणांना आठ वाटाडे असत. त्यातले बरेचसे माशा मारत बसायचे, जागा मात्र सगळेच अडवायचे. स्वप्नाली म्हणाली, आठांत मिळून एकच ठेवू. नोकरीतली तिची ही पहिली स्वतःची कल्पना, आणि तिचा तिला लय अभिमान होता.

नमुन्याच्या चिप आल्या, तपासायला घेतल्या आणि पहिल्याच घाण्यातल्या निम्म्या नापास झाल्या. दर वेळी आठवा खण. सरांचं निदान सोपं होतं: आठवा खण वाटाड्यापासून सगळ्यात लांब, संदेश तिथवर वेळेत पोचत नाही. पोचतो, हे स्वप्नालीनं आकड्यांनिशी दाखवलं.

"मग चिप मरतात कशानं?" सरांनी विचारलं.

ती दार आपटून निघाली आणि संध्याकाळच्या एसटीनं गावी आली.

रविवारी सकाळी बघते तर घरची डाळिंबं वाळत चाललेली. त्यांचं रान कालव्याचं पाणी आणणाऱ्या चारीच्या अगदी शेवटाला. वडील भाऊसो, म्हणजे तिचे तात्या, मेंढरं घेऊन माळावर गेले होते. कालव्याचं पाणी सुटलेलं, पण इथवर आलंच नव्हतं. स्वप्नाली चारीच्या काठानं उलटी चालत निघाली. मुखाशी बाळासोंचं रान. तिथं नांगरून ठेवलेल्या मोकळ्या वावरात पाणी खेळत होतं, आणि बाळासो बांधावर बसून तंबाखू मळत होते.

"काका, आमची डाळिंबं मरायला लागल्यात, आन् तुमी ढेकळं भिजवताय व्हय?" ती कडाडली. "कुणाला किती गरज हाय ते बघायचं न्हाई. पयला हाय म्हणून घेत सुटायचं!"

बाळासो जागचे हलले नाहीत. "मी काय चोरी केली का गं? पयल्यापासनं शेवटापतोर, अशी पाळी लावून दिल्याली हाय. माजी आली, म्या घेतलं. दोष घेणाऱ्याचा न्हाई बाय, पाळी लावणाऱ्याचा."

"आन् कोण त्यो शहाणा?"

"चेअरमन. तुजा बाप."

तात्या यंदा पाणी संस्थेचे चेअरमन झालेत, हे तिला माहीत होतं. पाळी त्यांनीच लावली असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं. ती तशीच माळावर गेली.

"तात्या, आपलंच रान शेवटाला ठेवलंसा?"

"मग काय आपल्यापासनं सुरवात करू?" भाऊसो म्हणाले. "खुर्ची मिळाली आन् पाट घरात वळवला म्हणंल गाव."

"आवं, पर आधी समद्यांची रानं बघायची. कुणाचं मरतंय, कुणाचं दोन दिस निभतंय..."

"आता बदलायचं म्हंजी चुकलो म्हणायचं. चारचौघांत कोण म्हणंल?" ते मेंढरांमागं चालू लागले.

स्वप्नालीनं आणखी सुनावायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. वाटाड्याला ठरावीकच पत्ते लक्षात राहतात. ते कोणत्या ओळींचे, हे ठरवणारा प्रोग्राम तिचा होता. पहिल्या खणापासून निघायचं, जी ओळ जरा लंगडताना दिसेल तिला राखीव ओळ देत सुटायचं. आठव्या खणाशी येईपर्यंत वाटाड्याची पाटी भरलेली. आठवा खण चिपच्या काठावर, साफ मेलेल्या ओळी नेमक्या तिथंच जास्त. तिनं स्वतःच ढेकळं भिजवली होती.

परतीच्या एसटीत तिला एक सोपी वाट सुचली, नाही असं नाही. प्रोग्राम गुपचूप बदलायचा आणि खापर चिप बनवणाऱ्या कारखान्यावर फोडायचं. कारखाना परदेशात, तो काय भांडायला येतोय? विटा गाव येईपर्यंत तिला हा बेत बरा वाटला, मग स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी सगळे जमल्यावर ती उभी राहिली. "सर, वाटाड्या बरोबर आहे. पाळी चुकली, आणि ती मी लावली होती."

तिनं नवी पाळी मांडली: आधी आठही खण बघून घ्यायचे, मग मेलेल्या ओळींना राखीव ओळी द्यायच्या. लंगड्या ओळींचं काय ते चिपमधलं चूक सुधारणारं सर्किट बघून घेईल. वाटाड्यात एकदा भरलेले पत्ते पुसता येत नाहीत, त्यामुळे आधीच्या नापास चिप गेल्या त्या गेल्याच. हात न लावलेल्या चिप काढल्या. दुपारपर्यंत त्यातल्या मोजक्या सोडून सगळ्या पास. मतीन सरांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा तपासले.

"वाटाड्या राहू दे," ते म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. स्वप्नालीला नाचावंसं वाटलं. तिनं बाहेर येऊन घरी फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"चूक तुजी हुती, ह्ये समद्यांम्होरं बोललीस?" भाऊसोंनी विचारलं.

"व्हय."

"मग काय म्हणाली माणसं?"

"काय न्हाई, तात्या. च्या प्याली."

पलीकडे भाऊसोंनी हाळी देऊन मेंढरं थांबवली.

"उद्या सकाळी संस्थेची बैठक बोलावतो, पाळीची," ते म्हणाले.