डावीकडचा प्लाझ्मा

दुकानदाराने दोन्ही टीव्हींवर फुटबॉलचा एकच सामना लावला आणि नवरा-बायकोला बरोबर मधोमध उभं केलं. डावीकडे प्लाझ्मा, उजवीकडे एलसीडी.

"आता तुम्हीच ठरवा. काळा रंग पाहावा तो प्लाझ्मावरच, पण तो तापतो, वीजही खातो. भरपूर उजेडाच्या खोलीला एलसीडी बरा."

घरी या विषयाचं गुऱ्हाळ महिनाभर चाललं होतं. नवरा शाळेची बस चालवायचा आणि रोज जेवताना प्लाझ्माचे गोडवे गायचा. बायको म्हणायची, एवढ्या मोठ्या दोन खिडक्या आहेत, भर दुपारी त्या काचेत आपलीच तोंडं बघत बसायचं का? लेक, म्हणजे चिमणी, ज्याच्या ताटाशेजारी बसेल त्याची बाजू घ्यायची.

"काचेत प्रतिबिंब किती पडतं?" बायकोने दुकानदाराला हळूच विचारलं.

त्याने रिमोट उचलून प्लाझ्मा बंद केला. काळ्या काचेत छतावरचे दिवे उमटले, आणि नवरा, बायको, चिमणी असे तिघं.

नवरा समोर बघत होता. हाताची घडी, कपाळावर आठी, परीक्षकाचा थाट. मग मान डोलावत तो म्हणाला,

"मला तर दोन्हीत काडीचाही फरक दिसत नाही."

दुकानदार खो खो हसला. "साहेब, एक तर बंद आहे!"

नवराही हसला, पण जरा उशिराने. बस मागे घेताना वळवावी तशी त्याने मान पूर्ण डावीकडे वळवली, काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गंमत केली हो."

बायको हसली नाही. हल्ली तो ताटाच्या डाव्या बाजूचं तसंच टाकून उठायचा आणि ती आपली स्वयंपाकाला दोष देत बसायची. तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"चिमणी कुठे गेली?" नवऱ्याने विचारलं.

चिमणी त्याच्या डाव्या कोपराशी उभी होती. तिचा गाल त्याच्या बाहीला लागायचाच काय तो बाकी होता.

"बाबा, मी इथेच आहे ना!" ती खिदळली. तिला वाटलं, बाबांनी खेळ सुरू केला.

"एलसीडी द्या," बायको म्हणाली.

महिनाभर प्लाझ्मासाठी भांडणारा माणूस मुकाट पैसे काढू लागला.

बाहेर येऊन चिमणी मोटारीत मागे बसली. तिने दार लावून घेतल्यावर बायकोने नवऱ्यापुढे हात केला.

"किल्ली दे."

"का?"

"दे म्हणते ना. कधीपासून डावीकडचं दिसत नाहीये तुला?"

त्याने खिशात हात घातला आणि तिथेच राहू दिला.

"शाळा सुरू झाल्यापासून. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. परवा चौकातून बस काढली, तर मागे पोरं किंचाळली. डावीकडून ट्रक येत होता म्हणे. मी पाहिलाच नाही."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू बसवर जाऊ दिलं असतंस?"

तिने पुढे केलेला हात मागे घेतला नाही.

"उद्या?" तिने विचारलं.

"उद्या सहल आहे. डोंगरातला रस्ता." त्याने मोटारीकडे पाहिलं. "चिमणीच्याच वर्गाची."

चिमणीने काच खाली केली. "आई, टीव्ही आजच येणार ना?"

"येईल. काच वर घे."

नवऱ्याने किल्ली काढून बायकोच्या तळहातावर ठेवली, पण बोटं काही उचलली नाहीत.

"शाळेत फोन तू कर," तो खाली बघत म्हणाला. "आत्ताच कर. त्यांनी मला विचारलं, तर मी बस घेऊन येतो म्हणेन."