तुळशीकट्ट्यावरची डबी

"काकू, टांगली तिथेच राहू द्या हं. तीन महिने हात लावायचा नाही. तुम्ही रोजच्यासारखं वावरा, बाकी काम डबी करेल."

माधुरीने हे तीन महिन्यांपूर्वी देवघराच्या उंबऱ्याशी उभं राहून सांगितलं होतं, आणि अरुंधतीबाईंनी "हो गं बाळा" म्हणून मान डोलावली होती. ते शब्द कालपासून त्यांच्या कानांतून हलायला तयार नव्हते.

माधुरी कॉलेजात शिकणारी, रोडपालीला राहणारी. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू येतो. दिसत नाही, वासही येत नाही. फरशीच्या भेगांतून शिरून तो बंद खोलीत साचतो, आणि वर्षानुवर्षं श्वासावाटे गेला तर फुफ्फुसांचा कर्करोग होऊ शकतो. तो मोजायला ती पनवेलच्या जुन्या बैठ्या घरांत डब्या टांगत फिरत होती. डबीत एक फिल्म असे. वायू जितका जास्त, तितक्या तिच्यावर बारीक खुणा. अरुंधतीबाईंच्या घरात तिने मागची बाजू निवडली. तिथं देवघर आणि त्याला लागून कामाला असणाऱ्या भामाची खोली. दोन्हीकडे फरशी उकललेली, खिडकी कुठंच नाही, आणि मध्ये आढ्यापर्यंत न पोचणारी फळ्यांची भिंत. दोन्ही खोल्यांची हवा एकच, तेव्हा डबीही एकच पुरे. निकाल लागेपर्यंत खोलीत झोपू नका, असं तिनं भामाला बजावलं होतं.

अडचण झाली ती सोवळ्याची. बाईंचा वर्षाचा नेम होता. पहाटे ओलेत्याने विष्णूला सहस्र तुळशीपत्रं वाहायची. आणि देवाच्या डोक्यावर ती डबी, कुणाकुणाच्या हातांतून आलेली! पहिला दिवस त्यांनी कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी सोवळं वाळत घालायच्या काठीने डबी उचलून अंगणात तुळशीकट्ट्यावर ठेवली. सांजवातीनंतर पुन्हा आत. मग रोजचंच झालं. 'रात्रभर असतेच की आत,' अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दिवसभर डबी वारा खात बसे.

तीन महिने भरल्यावर डबी उतरवून नेलेली माधुरी काल दुपारी निकाल घेऊन आली.

"काकू, खुणा अगदी कमी! भेगा बुजवून पंखा बसवायला सांगणार होते, पण आता गरजच नाही."

"म्हंजे आमी खोलीत झोपलो तर चालंल?" अंगणात धुणं पिळत भामाने विचारलं. "या पोरीनं भ्या घातलं म्हणून तीन महिने रूपाला घेऊन पडवीत पडले. मच्छरांनी फोडून खाल्लं."

"मावशी, मी भीती नाही घातली, काळजी घ्या म्हटलं!"

"तेच ते. सासरी जाशील तवा सासूला घाल असंच भ्या, घर गप ऱ्हाईल."

माधुरी खळखळून हसली. मग कागदावर पेन टेकवून म्हणाली, "एवढंच विचारायचं राहिलं. मध्ये डबी हलवली नव्हती ना, काकू?"

भामाचे पिळणारे हात थांबले. तिने एकदा तुळशीकट्ट्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"नाही गं," अरुंधतीबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

आज पहाटे त्या पूजेला बसल्या, तर फळ्यांच्या वरून श्वास ऐकू येत होता. भामाच्या सात वर्षांच्या रूपाचा, गाढ झोपेतला. एक पान वाहावं, तो श्वास आत जावा. दुसरं वाहावं, बाहेर यावा. साठीला येईतो जिभेवर खोटं नको म्हणून देवाला विनवणाऱ्या आपण, आणि त्याच देवाच्या दारात… बाईंची मान वर होईना. देवाकडे बघण्याचं धैर्यच उरलं नव्हतं. त्या उठल्या आणि सोवळ्यानिशी भामाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अगो बाय! काकी, शिवाल ना!" चहा ओतता ओतता भामा दचकून मागे सरकली.

"काल तू बोलली का नाहीस?"

भामाने कप खाली ठेवला. "काय बोलणार? मी रोज बघायची डबी कट्ट्यावर. पन तुमी 'नाय हलवली' म्हनालात. तुमी काय खोटं बोलाल? मला वाटलं, माजंच कायतरी चुकतंय."

भामा चिडली असती, चार शब्द टाकून बोलली असती, तर बाईंना सोसलं असतं.

"तुझं नाही चुकलं. मीच हलवत होते. सोवळ्यासाठी. तो निकाल खोटा आहे, भामा. हवा चांगली आहे की वाईट, कुणालाच ठाऊक नाही. आणि मी तुझ्या लेकीला तिच्यात झोपवलं."

भामाने झोपलेल्या पोरीच्या अंगावरची गोधडी सारखी केली. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "आता?"

"तिला पडवीत ने. मच्छरदाणी मी देते. दोन्ही दारं सताड उघडी राहू देत. आणि आज जेवायच्या आत मी माधुरीला सगळं सांगते, पुन्हा डबी लावायला लावते. शब्द देते तुला."

"फोन करा की."

"तोंडावर खोटं बोलले, ते फोनवर कसं फेडू?"

भामाने रूपाला गोधडीसकट खांद्यावर घेतलं आणि ती बाहेर गेली.

बाईंनी साधं लुगडं नेसलं, चपला घातल्या. फाटकाशी शेजारच्या गोदूबाईंनी हटकलं, "आज एवढ्या सकाळी? पूजा झाली?"

"नाही झाली," अरुंधतीबाई म्हणाल्या, आणि रोडपालीची रिक्षा बघायला नाक्याकडे चालू लागल्या.