हिरव्या नळीची आई

जहाजावर चढताना आधी आपलं नाव लुटलं जायचं.

"टाका इथे," लाकडी फळीच्या तोंडाशी उभा असलेला कप्तान म्हणाला. डोक्याला लाल फडकं, एका डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर टाक्यांनी शिवून टाकलेला कापडी पोपट. हातात पत्र्याचा रिकामा डबा. त्या डब्यात तोंड घालून आपण आपलं नाव सांगायचं, तो धाडकन झाकण लावणार आणि त्याबदल्यात एक चाच्याचं नाव देणार. खरं नाव उतरताना परत. चाच्यांची सफर होती ती, तीन तासांची. मध्ये प्रवाळाच्या खडकापाशी थांबून तोंडात नळी धरून मासे बघायचे, म्हणजे स्नॉर्केलिंग.

नवऱ्याला 'झोपाळू तोफ' मिळालं. त्याने तक्रार केली नाही, कारण तक्रारीला जागा नव्हती. सासूबाईंना 'म्हातारी दुर्बीण'.

"दुर्बीण कशाला? मला चष्म्याशिवाय लांबचं दिसतं," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच," कप्तान म्हणाला. "म्हातारी" या शब्दाबद्दल मात्र त्या पुढचा अर्धा तास त्याच्याकडे बघत होत्या.

मला 'लंगडी लाट'. मग कप्तानाने डबा भुंगीपुढे धरला. भुंगीने माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि गुणगुणायला लागली. घाबरली की ती गुणगुणते, खूश असली की गुणगुणते, आणि दोन्ही वेळा माझ्याभोवतीच. म्हणून भुंगी. पावणेतीन वर्षांची.

"हिचं राहू दे हिच्यापाशीच," कप्तान म्हणाला. "लुटता येईल असं दिसत नाही."

तीच तर अडचण होती.

भुंगी माझ्याशिवाय कोणाकडे राहत नाही. मी आंघोळीला गेले की दाराबाहेर बसते आणि दाराच्या फटीतून बोटं आत घालते. फोडणी देताना ती माझ्या पायाला असते, इस्त्री करताना पदराला. आणि एक तारखेला मला ऑफिसात रुजू व्हायचं होतं. तीन वर्षांपूर्वी जिथे घरांचे नकाशे काढायचे, तिथेच, त्याच खिडकीजवळच्या टेबलावर. साहेबांनी जागा ठेवली होती, पण आता नक्की काय ते कळवा म्हणाले होते. मी निरोप लिहून ठेवला होता: "घरच्या अडचणीमुळे येऊ शकत नाही, क्षमस्व." पाठवला नव्हता. रोज उघडायचे, एखादा शब्द बदलायचे, बंद करायचे. 'क्षमस्व'च्या जागी 'माफ करा' करून बघितलं, 'माफ करा' जास्त खरं वाटलं म्हणून परत 'क्षमस्व' केलं.

समुद्रावर चार दिवस यायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी तोडगा काढला. त्या चौतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होत्या. रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि एकही बाटली कधी अदलाबदल झाली नाही, हे त्या जेवताना सांगतात.

"नुसता विचार करत बसू नकोस. चाचणी घे," त्या म्हणाल्या. "त्या बोटीवरून तू पाण्यात उतर. वीस मिनिटं. पोरगी वर आमच्यापाशी. तू तिला दिसशील, पण हाताला लागणार नाहीस. राहिली तर ऑफिस. आकांत केला तर तो निरोप पाठवून मोकळी हो."

"आणि थोडंसंच रडली तर?" मी विचारलं.

"थोडंसं असा निकाल नसतो."

आमच्या घरात रंगांचा कायदा आहे, तोही सासूबाईंचाच. टूथब्रश, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, उशांचे अभ्रे, सगळं रंगानुसार. निळं नवऱ्याचं, लाल त्यांचं, पिवळं भुंगीचं, हिरवं माझं. जांभळं पाहुण्यांचं. भुंगी बोलायला लागली ती रंगांवरूनच. 'हिरवं आईचं' हे तिचं पहिलं सबंध वाक्य.

म्हणून खडकापाशी नांगर पडला, गाईड मुलीने मास्क आणि नळ्यांचा टब पुढे ठेवला, तेव्हा भुंगीनेच वाकून एक नळी ओढून काढली. टोकाला हिरवा पट्टा. "हिरवं आईचं."

"शाब्बास," सासूबाई म्हणाल्या. "आता ओळख पटायला हरकत नाही."

हरकत तशी होती. जहाजावर सगळ्यांनाच पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा सदरा आणि डोक्याला लाल फडकं दिलं होतं, वर नारिंगी लाइफ जॅकेट. मास्क चढवल्यावर नाक गेलं, डोळे गेले, तोंडात नळी गेली. आरशात बघितलं असतं तर मीच मला ओळखलं नसतं.

"भुंगी, मी इथेच आहे हं. हात करीन," मी म्हणाले. नळीमुळे ते "ऊं ऊं ऊं" असं निघालं. भुंगीचा खालचा ओठ बाहेर आला. नवऱ्याने तिला खांद्यावर घेतलं आणि मला डोळ्यांनी सांगितलं, जा, जा लवकर. मी शिडी उतरले.

पाणी गार नव्हतं. खडकाजवळ दोर बांधला होता, तो धरून सगळ्यांनी तरंगायचं होतं. मी डोकं खाली घातलं आणि लगेच वर काढलं. मास्कमध्ये पाणी शिरत होतं, डोळे चुरचुरत होते.

"गळतोय का?" शेजारच्या बाईंनी विचारलं. माझ्याच उंचीच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. जहाजावर त्या एकट्याच आल्या होत्या, पोहणं शिकवतात असं त्यांनी गाईडला सांगितलेलं मी ऐकलं होतं. "माझा घ्या. मला सवय आहे, थोडं पाणी गेलं तरी चालतं."

"अहो, नको, तुम्हाला कशाला त्रास..."

"घ्या हो. वीस मिनिटांतली दोन गेलीसुद्धा."

नळी मास्कच्या पट्ट्यालाच अडकवलेली होती. मास्कबरोबर नळीही गेली, तिकडची इकडे आली. माझ्या नळीच्या टोकाला आता जांभळा पट्टा होता. त्या वेळी मला त्यात काहीच दिसलं नाही. मी फक्त वेळ मोजत होते.

पुन्हा डोकं खाली घातलं आणि या खेपेला दिसलं. खाली पिवळसर खडक, त्यावर जाळीसारखी हलणारी उन्हाची सावली, आणि मासे, पट्ट्यापट्ट्यांचे, आमच्या सदऱ्यांसारखेच. एक माझ्या बोटापर्यंत आला, बघून गेला. त्याला माझ्याकडून काही नको होतं. मला माझा स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आत, बाहेर, आत, बाहेर. तीन वर्षं मी फक्त दुसऱ्या कोणाचा तरी श्वास ऐकत आले होते, पाळण्यावर कान लावून, तापात छातीवर हात ठेवून. माझाही चालू होता म्हणजे.

एकदम लाज वाटली. किती वेळ झाला? मी डोकं वर काढलं.

कठड्यापाशी तिघं. लाल फडकी, पट्ट्यांचे सदरे. भुंगी खांद्यावरून हात हलवत होती. रडत नव्हती. हसत होती! मी पण हात वर केला, जोरात.

ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी तिच्या नजरेमागे वळून बघितलं. दोराच्या दुसऱ्या टोकाला हिरव्या पट्ट्याची नळी तरंगत होती. त्या बाईंनी पाण्यातून हात काढला आणि हलवला. भुंगी टाळ्या पिटायला लागली.

"अगं, मी इकडे!" मी नळी काढून ओरडले. तोंडात खारट पाणी गेलं. वर चाच्यांचे ढोल सुरू झाले होते. पण सासूबाईंचा आवाज ढोलांनाही दबत नाही, प्रयोगशाळेत यंत्रं चालू असताना बोलायची सवय.

"ती जांभळी बघ रे, किती हातवारे करतेय," त्या म्हणत होत्या. "बुडत तर नाही ना?"

"नाही गं, मजेत आहे," नवरा म्हणाला. "भुंगे, आपल्या आईकडे बघ. हिरवी! हिरवी!"

मी जांभळी होते. पाहुणी.

मास्क काढून चेहरा दाखवायचा? दाखवला तर ती ओळखेल, ओळखलं की हात पसरेल, हात पसरले की आकांत, आणि चाचणी संपली. नाही दाखवला तर ती हसत राहील. पण मग ती कोणाशिवाय राहत होती? माझ्याशिवाय राहत होती, हे तर खरं. पण तिला ते माहीत नव्हतं. की माझ्यासोबतच होती, फक्त मी तिथे नव्हते? मला काही सुचेना. आधी त्या बाईंचा राग आला. त्यांनी मला स्वतःचा चांगला मास्क दिला होता आणि मला त्यांचा राग आला! मग नवऱ्याचा आला, सहा वर्षांत बायकोचा हातसुद्धा ओळखू येत नाही म्हणून. मग सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं याचं वाईट वाटलं. एवढं सगळं दोराला लटकून. शेवटी काहीच ठरवता येईना म्हणून मी पुन्हा डोकं खाली घातलं. मासे होते तसेच होते.

शिट्टी झाली. शिडीजवळ त्या बाई होत्या, त्या आधी चढल्या. मी मागोमाग, तिसऱ्या पायरीवर अडकले, कारण वर खोळंबा झाला होता.

"राहिली बघ!" नवरा आनंदाने ओरडत होता. "वीस मिनिटं! एक टिपूस नाही! काय म्हटलं होतं मी?" त्याने हिरवा टॉवेल त्या बाईंच्या खांद्यावर टाकला आणि भुंगीला त्यांच्या हातात दिलं. भुंगीनेही हात पसरले होते. समोरून आलेलं मूल घ्यावं तसं त्यांनी घेतलं आणि दुसऱ्या हाताने मास्क कपाळावर सरकवला.

नवऱ्याचा हात टॉवेलवरच राहिला. "अहो..." एवढंच म्हणाला. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. मी शिडीवर डोळे मिटले. आता किंचाळणार. आता.

किंचाळी आली नाही. मी डोळे उघडले तर भुंगी त्या बाईंच्या चेहऱ्याकडे अगदी जवळून बघत होती. गालाला बोट लावलं. मग नळीला.

"हे आईचं आहे," ती म्हणाली. "दे."

त्यांनी मुकाट्याने मास्क काढून दिला. भुंगी त्यांच्या कडेवरून घसरत खाली उतरली, ओल्या फळ्यांवरून तुरुतुरु शिडीपाशी आली. माझ्या तोंडावर अजून मास्क होता, कानाशी जांभळी नळी, केस चिकटलेले. नवरा अजूनही माझ्या पलीकडे समुद्रात मला शोधत होता.

"आई, तुझी नळी विसरलीस," भुंगी म्हणाली. मी घरी चष्म्याचं घर विसरते तेव्हा म्हणते तशी, थोडी कंटाळून.

पुढची दहा मिनिटं आमचं भांडणच झालं.

"पास! रडली नाही, विषय संपला," नवरा म्हणाला.

"रद्द," सासूबाई म्हणाल्या. चौतीस वर्षांत झाली नव्हती ती अदलाबदल झाली होती, आणि त्यांना ती फार लागली होती. "नमुने बदललेत. निकाल धरता येत नाही. अगं, तू तरी सांगायचंस!"

"हातवारे केले ना मी! तुम्ही बुडतेय म्हणालात!"

"मग बुडतेय म्हटल्यावर तरी यायचं वर."

"माझ्यामुळे घोळ झाला," त्या बाई हिरवा टॉवेल घडी करत म्हणाल्या. "पोरगी हात करत होती, मला वाटलं मलाच. मला कोणी काठावरून हात करत नाही. मीच करते, शिकणाऱ्यांना."

नवऱ्याने भुंगीला समोर घेतलं. "खरं सांग हं. तुला माहीत होतं ना, आई कुठे होती?"

"पाण्यात."

"पाण्यात कुठली?"

"ओली," भुंगी म्हणाली.

तेवढ्यात कप्तानाने पुकारलं: ज्यांना हवं त्यांनी दहा मिनिटं अजून उतरा. सासूबाईंनी माझ्या डोक्याला स्वतःचं लाल फडकं बांधलं, हिरवी नळी स्वतःच्या हाताने अडकवली, पट्टा दोनदा ओढून बघितला. "आता कोणालाही काही द्यायचं नाही. पाणी शिरलं तर शिरू दे."

मी उतरले. भुंगीने मला उतरताना बघितलं, आणि या खेपेला रडली. चांगली मोठ्याने, दोन्ही हात पसरून. बरोबर नळी, बरोबर आई, आणि रडू. मी शिडीकडे वळले. वरून सासूबाईंनी तळहात दाखवला: थांब. मी थांबले. थांबणं फार कठीण होतं, गळणाऱ्या मास्कमध्ये खारट काय होतं ते मला सांगता येणार नाही. मग रडण्याचं मुसमुसणं झालं. मुसमुसण्याचं गुणगुणणं. मी वर बघितलं तर ती कप्तानाच्या खांद्यावरच्या पोपटाची चोच ओढत होती आणि कप्तान वाकून "मेलो, मेलो" करत होता. मी हात केला. पुन्हा केला. कोणी बघितलं नाही.

मी वर आले.

सासूबाईंनी घड्याळ बघितलं. "अजून तीन मिनिटं होती."

"थंडी वाजली," मी म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या, आणि हिरवा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. निकालाबद्दल बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. पहिल्या वेळी चुकीच्या आईकडे बघून हसली, दुसऱ्या वेळी खऱ्या आईकडे बघून रडली आणि मग विसरली. यातलं कुठलं मोजायचं, मला अजून कळलेलं नाही.

परतताना भुंगी माझ्या मांडीवर झोपली. मी फोन काढला, तो निरोप उघडला, वाचला. 'क्षमस्व' पुसलं. मग त्याच्या आधीचं. मग आणखी आधीचं, एकेक अक्षर, पान कोरं होईपर्यंत. नक्की का, ते विचारू नका.

फळीच्या तोंडाशी कप्तान पुन्हा डबा घेऊन उभा. झाकण उघडून पुढे धरलेला. "नाव परत घ्या. कोण तुम्ही?"

मी तोंड उघडलं आणि क्षणभर काही आठवेना. खांद्यावरून झोपाळू आवाज आला, "आई."

"ते कळलं हो," कप्तान म्हणाला. "बाकी?"

मी डब्यात वाकून माझं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. आणि त्याने विचारलं नव्हतं तरी पुढे हेही सांगितलं, की मी घरांचे नकाशे काढते. एक तारखेपासून.

डब्यात ते जरा घुमलं.