अर्धी दाढी

धाकट्याचे दात पडले, नातवंडं अंगाखांद्यावर खेळून मोठी झाली, तरी बाजारात सगळे त्याला धाकटाच म्हणत. कारण मोठा होता. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन सलून, दोन सख्ख्या भावांची, आणि दोघांमध्ये बरीच वर्षं विस्तवही जात नव्हता. मोठ्याकडे दाढी करणारा माणूस धाकट्याच्या दारावरून जाताना अशी मान खाली घालायचा, की परीक्षेत कॉपी करताना पकडला गेलाय असं वाटावं.

भांडण तसं एवढंसंच. दोघं एकाच दुकानात शेजारी शेजारी उभे राहून काम करत असतानाची गोष्ट. भरल्या दुकानात मोठ्याने धाकट्याच्या हातातली कात्री काढून घेतली आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "माझ्या खुर्चीत बसा, याचा हात अजून जड आहे." गिऱ्हाईक हसलं. मोठ्याने सगळ्यांदेखत अशी बिनपाण्याने केल्यावर धाकट्याने एप्रन काढून खुंटीला लावला, तो परत घातलाच नाही. समोरच गाळा मिळाला. तिथे तो जिद्दीने उभा राहिला आणि हात हलका करून दाखवला. मोठ्याने ते काचेतून पाहिलं असणार. पण बोलावं कोणी आधी?

आता मोठ्याचं दुकान बंद होतं. त्याला स्मृतिभ्रंश झाला होता आणि दिवसभर तो एका केंद्रात असे. तिथे अशीच माणसं यायची. सकाळी मुलं-सुना आणून सोडत, संध्याकाळी घेऊन जात, आणि मधल्या वेळात घरच्यांना जरा श्वास घेता येई.

एके दिवशी पुतणी धाकट्याच्या सलूनमध्ये आली आणि बाकावर न बसता उभ्यानेच बोलली. बाबा कुणाला गालाला हात लावू देत नाहीत, तिला नाही, केंद्रातल्या माणसांना नाही. मागच्या आठवड्यात एकाला त्यांनी ओरबाडलं. गालांचं जंगल झालंय, आत पुरळ उठलाय. "तुम्ही बोलू नका हवं तर, काका," ती म्हणाली, "फक्त दाढी करा." सुट्टीच्या दिवशी धाकटा पेटी घेऊन केंद्रात गेला. मोठ्याची दाढी झाल्यावर बाकीचे म्हातारे रांगेत बसले, म्हणून मग दर सुट्टीला जाऊ लागला. लोक त्याला सेवाभावी म्हणू लागले. ते ऐकलं की तो घाईने पेटी आवरायला घेई, कारण सेवा करायला तो गेलाच नव्हता. त्याला माफी मागायची होती, आणि तीसुद्धा दादाला ती कळेल तोवर.

केंद्र चालवणाऱ्या ताईंनी पहिल्या दिवशीच नियम सांगितले. वस्तरा आणायचा नाही, साधं रेझर चालेल. 'मला ओळखलंत का' असं कुणाला विचारायचं नाही. ओळखलं नसेल तर माणूस ओशाळतो. कोणी म्हटलं, आज माझी आई येणार आहे, तर आई वारली म्हणून सांगत बसायचं नाही. जुनी दुखणी उकरायची नाहीत. भिंतीवर आरसा नव्हता, कारण आतला म्हातारा कोण म्हणून काही जण घाबरत. धाकट्याची पंचाईत झाली. जन्मभर गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून तो आरशातल्या चेहऱ्याशी बोलत आलेला. इथे स्टूल घेऊन समोर, डोळ्यात डोळे घालून बसावं लागे.

आणि दादाने गाल पुढे केला. पहिल्याच दिवशी, कुरकुर न करता. फेस लागल्यावर त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "धाकट्या, पाणी जरा गरम घे."

धाकट्याच्या हातातला ब्रश थांबला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण शेजारी निवृत्त शिक्षिका बाई चमचे मोजून त्यांची हजेरी घेत होत्या, पलीकडे कुणीतरी गुणगुणत होतं, दादा खुशीत होता. कशाला आत्ता, असं त्याला वाटलं. तो "हो, दादा" एवढंच म्हणाला आणि गरम पाणी घेऊन आला.

असं पुष्कळदा झालं. कधी दादा त्याला ओळखी, आज उशीर केलास म्हणून झापी. कधी परक्यासारखा अहो-जाहो करी आणि धंदा कसा चाललाय विचारी. ओळखीच्या दिवशी धाकटा मनात म्हणे, आज छान चाललंय, नको विघ्न. अनोळखीच्या दिवशी म्हणे, आज काय उपयोग. जुनं उकरायचं नाही हा ताईंचा नियम त्याला फारच सोयीचा पडला. पळपुट्याला वाट दाखवावी लागत नाही. हळूहळू ओळखीचे दिवस कमी झाले, मग आलेच नाहीत. तरी याचं आपलं पुढच्या वेळी, पुढच्या वेळी.

माफी कात्रीच्या भांडणाची असती तर कदाचित तो बोललाही असता. सांगायचं राहिलं होतं ते वेगळंच.

मोठ्याचं दुकान बंद व्हायच्या आधीच्या वर्षी एक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून धाकट्याकडे आलं होतं. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वाळलेला फेस. मोठ्याने मध्येच रेझर ठेवलं आणि झालं म्हणून सांगितलं, असं म्हणत होतं. धाकट्याने उरलेली दाढी फुकट केली आणि म्हणाला, "अर्धी तिकडे, अर्धी इकडे. वाटणी आमच्यात आता झाली म्हणायची." दुकान हसून लोटपोट. मग दुसरं गिऱ्हाईक आलं, मग तिसरं. विनोद जुना झाला तरी तो करत राहिला. दादा पितो असं कुणी म्हटलं, त्यालाही त्याने मान डोलावली.

दादाच्या शेजारी उभं राहून तो कामाला लागला होता. झोपेतही त्या हाताची रेघ चुकणार नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तो हात चुकतोय म्हणजे काहीतरी भयंकर बिघडलंय, हे सगळ्या बाजारात एकालाच समजू शकत होतं. त्या एकाला हसायला सुचलं. मधे होता फक्त एक रस्ता. ती अर्धी तोंडं आठवली की त्याला स्वतःची किळस येई.

परवाच्या सुट्टीला मात्र ताईंनी त्याला बाजूला घेतलं. तुमच्या दादांचं गिळणं आता बिघडलंय, म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून घरचे त्यांना घरीच ठेवतील. धाकट्याने ठरवलं, नियम गेले खड्ड्यात. बैल गेला आणि झोपा केला तरी चालेल, पण आज बोलायचंच.

त्याने फेस लावला, एक गाल केला. दादा त्या दिवशी बोलका होता, पण परका.

"तुमचं दुकान कुठे आहे?" दादाने विचारलं.

"बाजारात."

"माझंही बाजारातच. समोर माझ्या भावाचं आहे. चांगला हात आहे त्याचा, माझ्यापेक्षा हलका." मग दादा पुढे झुकला आणि गुपित सांगावं तसा आवाज खाली आणला. "बोलत नाही तो माझ्याशी. पण मी काय करतो, गिऱ्हाइकाची अर्धी दाढी ठेवतो आणि पाठवतो समोर. आज ना उद्या येईलच की तो, दादा काय झालं म्हणून विचारायला."

धाकट्याला पुढे रेझर चालवता येईना. हे खरं होतं, की आजाराने मागाहून रचलेली गोष्ट होती? पुतणीला माहीत असणं शक्य नव्हतं, ताईंना नव्हतं, आणि ज्याला विचारायचं तो समोर बसून त्याला दुसराच कुणी समजत होता. खरं-खोटं काहीही असो, बोलावणं आलं होतं आणि त्याने त्यावर दुकानभर हशा पिकवला होता.

त्याने रेझर वाटीत ठेवलं आणि दादाचे दोन्ही हात धरले.

"दादा, मीच तो. मी धाकटा. मला कळायला हवं होतं रे, मी यायला हवं होतं. चुकलो मी."

दादाने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. कपाळावर आठी आली, ती ओळखीची वाटली, मग गेली. समोरचा माणूस रडतोय एवढं त्याला कळलं असावं. जुन्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशा मायेने त्याने हातावर थोपटलं.

"तुमचंही भावाशी बिनसलंय का?" तो म्हणाला. "मग जाऊन या हो एकदा. वाट बघत असेल तो."

"जातो," धाकटा म्हणाला.

"आजच जा."

"आजच जातो," म्हणत धाकट्याने डोळे पुसले, पाणी गरम करून आणलं, आणि दुसऱ्या गालाला फेस लावायला घेतला.